नाल्यात गेलेली तपासणी

आमच्या टपरीवरची माणसं माझी कुठलीही गोष्ट घरी नेताना तिच्यातून बारा आणे वजा करून नेतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. कोराडीच्या वीज केंद्रात माझा अख्खा जन्म बॉयलरवर गेला. तिथं मे महिन्यात सकाळी डब्यात नुसती कणीक नेली तर दुपारी पोळी निघायची. राख अशी उडायची की कॉलनीतला काळा कुत्रा मी कित्येक वर्षं पांढरा समजत होतो. एकदा तो पावसात भिजला, तेव्हा परका कुत्रा शिरला म्हणून मीच त्याच्यावर भुंकलो. असल्या माणसाचं बोलणं सोळा आणे कोण धरणार? पण ही गोष्ट माझ्या पोटातली आहे, खरोखरच्या पोटातली, आणि तिच्यात मी भर घातलेली नाही. जिथं घातली आहे तिथं ती लांबूनही दिसेल.

बॉयलरवर एक नियम होता. पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे तुमचा रिलीव्हर, येऊन समोर उभा राहिल्याशिवाय जागा सोडायची नाही. आणि तो आला की नुसतं 'चाललो' म्हणून निघायचं नाही. चार्ज द्यायचा. तोंडानं, समोरासमोर. कोणता पंप कण्हतोय, कोणत्या व्हॉल्व्हमधून थेंब पडतोय, कुठल्या कोपऱ्यात वाफेचा बारीक सुस्कारा ऐकू येतोय, सगळं. सुस्काऱ्याला मान फार. बॉयलरच्या भिंती म्हणजे नळ्यांच्या रांगा. एखाद्या नळीला टाचणीएवढं भोक पडलं तर बाहेरून काही दिसत नाही, पण आतली वाफ करवतीसारखी शेजारची नळी कापत जाते, मग तिच्या शेजारची. वेळेवर कान लावला तर एक नळी बदलून भागतं. नाही लावला तर युनिट बंद, अर्ध्या विदर्भाचे पंखे बंद, आणि साहेबाचं तोंड सुरू.

माझा रिलीव्हर म्हणजे माझा दोस्त. नोकरीभर मी त्याला चार्ज दिला, नाहीतर त्यानं मला. आम्ही दोघं मिळून कधी सिनेमाला गेलो नाही, कारण एक जागा असला की दुसरा झोपलेला. पण शिफ्ट बदलतानाची ती भेट चुकायची नाही. तो बोलण्याचा कंजूस. मी एक गळती सांगायला सबंध रामायण लावायचो, तो चार शब्दांत आटपायचा. "तीन नंबर. खालून. थेंब. ध्यान ठेव." बस. पण लपवलं त्यानं कधी काही नाही. एकदा त्याच्याच हातून गेजची काच फुटली, साहेबाला पत्ता नव्हता, तेही त्यानं मला चार्जमध्ये सांगितलं. अशा माणसाच्या शब्दावर मी त्या आगीच्या डोंगराखाली निवांत सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत उभा राहायचो.

रिटायर झाल्यावर आम्ही दोघांनी नागपूरच्या टोकाला बेसाला एकाच लेआउटमध्ये शेजारी-शेजारी घरं बांधली. मधली भिंत एकच. त्याच्या घरी फोडणी पडली की शिंक माझ्या घरी. रोज सकाळी मोठ्या नाल्याच्या काठावरच्या टपरीवर आमचा अड्डा. सगळे आमच्यासारखेच पेन्शनर. कुणी पोस्टातला, कुणी रेल्वेतला, कुणी बँकेतला. वर लाल रस्सा ओतलेले तर्री पोहे, चहा आणि माझ्या गोष्टी. नाश्ता त्याच क्रमानं वाढला जायचा.

त्या हिवाळ्यात एका दवाखान्याच्या डॉक्टरबाई आमच्या लेआउटच्या देवळाच्या सभागृहात आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या सगळ्यांना बोलावलं होतं. लोकांना वाटलं बीपी-शुगर असेल, चहा-बिस्किट असेल. बाईंनी उभं राहून स्वच्छ सांगितलं की आतड्याचा कॅन्सर सुरुवातीला बोलत नाही. दुखत नाही, खुपत नाही. पण संडासावाटे थोडंथोडं रक्त जात असतं, ते डोळ्याला दिसत नाही. म्हणून ही नळी घरी न्या, सकाळचा नमुना द्या, आम्ही तपासतो. रक्त सापडलं म्हणजे कॅन्सरच, असं नाही. पण मग दुर्बिणीनं आत बघून खात्री करता येते.

नळी पेनाएवढी. झाकणाला आतून एक काडी. ती नमुन्यात चार ठिकाणी टोचायची आणि परत नळीत घालून झाकण लावायचं. सगळं एका छोट्या पाकिटात. आम्ही तिला डबी म्हणायला लागलो. सभागृहात 'संडास' हा शब्द एवढ्या वेळा उच्चारला गेला की देवळातला मारुती तोंड फिरवून बसला असावा. माणसं हसू दाबत पाकीट खिशात कोंबून बाहेर पडली, चोरीचा माल असल्यासारखी.

टपरीवर पोचल्यावर मी गप्प बसणं शक्य होतं का?

"म्या बाईले म्हटलं," मी सुरू केलं, "बाई, ही काडी प्लॅस्टिकची हाये. आमच्या पोटात काल रातचा सावजी रस्सा हाये. काडी वितळून जाईन, मंग तुम्ही काय तपासान? स्टीलची द्या!"

रेल्वेवाल्याच्या नाकातून चहा आला.

"अन् नाव लिहून द्या म्हणते डबीवर," बँकवाला म्हणाला. "मी सही करून देतो, मॅचिंग करून घे म्हणा!"

"फ्रिजमंदी ठेवा म्हणे दोन-तीन दिवस लागले तर. माह्या घरी बायकोनं चटणी समजून काढली तर?" रेल्वेवाला म्हणाला.

असा तो धिंगाणा. मी मधोमध, घोड्यावर बसलेल्या नवरदेवासारखा. पण एक सांगतो. माझी डबी माझ्या आतल्या खिशात, बटण लावून. बायकोनं घरातून निघतानाच बजावलं होतं, बाई सांगतील ते करा म्हणून, आणि मीही मनात म्हटलं होतं, हसायचं टपरीवर आणि द्यायची घरून. गंमत गंमतीच्या जागी, नळी नळीच्या जागी. बॉयलरवरचा माणूस सुस्काऱ्याला कान देत नाही असं कसं होईल?

तेवढ्यात माझा दोस्त उठला. चार शब्दांवर न जाणारा माणूस, त्या दिवशी भाषणाला उभा राहिल्यासारखा. खिशातून पाकीट काढलं, सगळ्यांना दाखवलं.

"आपण कोराडीची राख खाऊन बसलो बे," तो म्हणाला. "ह्या आतड्याले आता जंग नाही लागत."

आणि त्यानं ते पाकीट हात मागे नेऊन फेकलं. थेट नाल्यात. डुबुक.

काय टाळ्या पडल्या! मग एकेक जण उठला. पोस्टवाल्या बाबांनी टाकलं, बँकवाल्यानं टाकलं. नाल्यात पाकिटं अशी तरंगायला लागली की बगळे उतरले. आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि तोही.

"काय गा," तो म्हणाला, "तुले पायजे काय परीक्षेत पास व्हायले?"

मी खिशाचं बटण उघडलं. माझा रिलीव्हर म्हणतोय मशीन ठीक आहे. मग मी काय तपासायचं? फेकली. त्याच्याहून लांब फेकली, सवयीप्रमाणे.

पुढं दीड-एक वर्ष गेलं असेल. दरम्यान त्याच्या धाकट्या मुलीचं लग्न झालं. मांडवात मी बापापेक्षा जास्त धावपळ केली आणि बिदाईला बापापेक्षा जास्त रडलो. सगळं बरं चाललं होतं. मग एक दिवस सकाळी मला संडासात लाल दिसलं.

नागपूरच्या माणसाला लाल रंगाची भीती वाटत नाही. मी म्हटलं, कालची तर्री. दुसऱ्या दिवशी परत लाल. म्हटलं, टपरीवाल्यानं तिखट बदललेलं दिसतं. त्याला जाऊन बोललोही, "काय टाकून राहिला बे तू, कुंकू?" मग तर्री बंद केली. साधे पोहे खायला लागलो, वर लिंबू पिळून, पाहुण्यासारखे. लाल काही थांबेना. मग मी त्याला मूळव्याध हे नाव दिलं आणि निश्चिंत झालो. माणसानं नाव दिलं की रोग पाळीव होतो असं मला वाटायचं.

बायकोनं ओळखलं. टपरीवरून येऊन मी तर्रीची तारीफ केली नाही, तेवढ्यावरून.

"काय होऊन राहिलं तुम्हाले?"

"काही नाही वं."

"तुमचं 'काही नाही' दोन शब्दात कधी संपते?"

तिला सांगितलं. मग भिंतीपलीकडं जाऊन दोस्तालाही सांगितलं. चार्ज दिल्यासारखं सांगितलं, जितकं होतं तितकं. कधीपासून, किती, कसं. मला वाटलं तो हसेल. त्याचा चेहरा पडला. नुसता पडला नाही, पांढरा झाला.

"आजच जाऊ," तो म्हणाला.

"अबे, मूळव्याध हाये."

"तुले काय माहीत? आजच जाऊ म्हणतो ना."

त्यानंच स्कूटरवर मागं बसवून दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टरांनी तपासून सांगितलं की दुर्बिणीची तपासणी करावी लागेल, कोलोनोस्कोपी. त्यासाठी आदल्या दिवशी आतडं धुऊन स्वच्छ करायचं. बाटल्या दिल्या, पावडर दिली. पाण्यात कालवून घोट-घोट प्यायची आणि मग जे होईल ते होऊ द्यायचं.

जे झालं त्याला बॉयलरच्या भाषेत ब्लोडाऊन म्हणतात. सगळे व्हॉल्व्ह उघडून तळाचा गाळ दाबानं बाहेर काढायचा. पण बॉयलरला निदान चिमणी असते. मी संडासात जात नव्हतो, मी तिथं राहायला गेलो होतो. बायकोनं बाहेर दारापाशी स्टूल ठेवून त्यावर पाण्याचा जग ठेवला. लेआउटचं पाण्याचं प्रेशर पडलं असावं. त्या पावडरीची चव म्हणजे समुद्राच्या पाण्यात कुणी प्लॅस्टिक उकळावं आणि वर थोडा संत्र्याचा वास मारावा. संत्रानगरीत संत्र्याची अशी बेइज्जती मी पहिल्यांदा पाहिली.

उन्हं कलताना तो आला. मी खुर्चीवर, चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा. समोर पावडरीचं अर्धं भांडं उरलेलं.

"नाही होत बे आता," मी म्हटलं. "घशाखाली उतरत नाही."

तो सरळ आमच्या स्वयंपाकघरात गेला. बायकोला म्हणाला, "वहिनी, बर्फ हाये का? हे एकदम थंड करा. अन् नळीनं प्यायले द्या त्याले, ग्लासानं नाही. नळी जिभेच्या मागं ठेवायची, चव नाही लागत." मग माझ्याकडं वळला. "मधात एखादी लिंबाची फोड चोख. अन् कागद नको वापरू, निस्तं पाणी, अन् व्हॅसलीन लाव. नाहीतर उद्या बसता नाही येत."

मी नळीनं ओढलं. खरंच चव लागली नाही. दोन घोट गेले, तीन गेले. मग माझा हात थांबला.

"तुले कसं माहीत?"

तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायला लागला.

"काय बे? तुले कसं माहीत नळी जिभेच्या मागं ठेवाची?"

"ऐकलं कोणाकडून."

"व्हॅसलीनही ऐकलं?"

बायको बर्फाचा ट्रे हातात घेऊन तशीच उभी. बर्फाचं पाणी तिच्या पायावर ठिबकत होतं. माझा दोस्त खोटं बोलण्यात कच्चा होता, आयुष्यात सराव नव्हता त्याला. सराव माझा.

"मीही केली ना," तो म्हणाला. "दुर्बीण."

"कधी?"

"डबीनंतर."

"डबी तर तू फेकली."

मग जे बाहेर आलं ते असं. सभागृहातून पाकीट घेऊन तो टपरीवर आलाच नव्हता सरळ. आधी घरी गेला होता. नळी काढून कपाटात ठेवली. रिकाम्या पाकिटाला वजन असावं म्हणून त्यात तंबाखूच्या चुन्याची डबी घातली आणि चिकटवलं. नाल्यात डुबुक झाली ती चुन्याची डबी. चुना लावतात असं लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण कुणी तो एवढ्या नेमानं, पाकिटात भरून लावेल असं वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं नळी भरून गुपचूप दवाखान्यात दिली. रक्त निघालं. दुर्बीण झाली. आतड्याच्या भिंतीवर एक मस होता, चामखिळीसारखा, त्याला पॉलिप म्हणतात. अजून कॅन्सर झाला नव्हता, पण ठेवला असता तर पुढं होऊ शकला असता. दुर्बिणीतूनच काढून टाकला. संध्याकाळी घरी येऊन जेवला. भिंतीपलीकडं. फोडणीची शिंक मला आली असेल त्या दिवशी.

"अन् मले नाही सांगतलं."

"पोरीची सोयरीक चालली होती," तो म्हणाला. "कॅन्सरची तपासणी झाली इतकं जरी पाहुण्याइच्या कानावर गेलं असतं तर? बापाले असंन तं पोरीले होईन, म्हणतील. उठून गेले असते ते. तुले तं माहीत हाये लोक."

"मी लोक हावो का बे?"

"तू लोकाइच्या वरताण. तुह्या कानात टाकलेलं तोंडातून निघते. निघते तेव्हा त्याले शेपूट आलं राहते. माह्या आतड्यातला मस तू विमानतळापर्यंत नेऊन हत्तीएवढा केला असता."

हे तो बरोबर बोलला, हे इथं लिहितो, त्याच्यासमोर बोललो नाही.

"ठीक हाये," मी म्हटलं. "नको सांगू. पण फेकली काहून? खिशात ठेवली असती. चूप बसला असता. तू तं चूप बसण्यात मास्टर हायेस!"

"सगळे हासून राहिले होते. मी नसती फेकली तं तू विचारलं असतं."

"अन् मले म्हणाला, तुले पास व्हायचं काय परीक्षेत. माह्याकडं पाहून म्हणाला तू!"

त्यानं माझ्या बायकोच्या हातातला बर्फाचा ट्रे घेऊन खाली ठेवला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मले वाटलं तू नाही फेकणार. तू नेहमी बोलते एक, करते एक."

मला हसू यायला हवं होतं. तेवढ्यात पोटात कळ आली आणि मी पळालो. दार लावून आत बसलो. बाहेर तो गेल्याचा आवाज आला, फाटक वाजलं. मी आत बराच वेळ होतो. पोटासाठी कमी, जास्त दुसऱ्याच कशासाठी. मोठ्यानं रडलो असं लिहायचा मोह होतो आहे, पण रडलो नाही. नळीतून प्यायचं शिकवणाऱ्या माणसावर राग धरायचा तरी कसा, हे कळत नव्हतं. आणि राग तर धरायचाच होता.

दुर्बिणीच्या वेळी गुंगीचं औषध देतात, काही कळत नाही. माझ्यासारख्या माणसाची ही मोठी पंचाईत, सांगायला काही उरत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा डॉक्टर समोर बसल्या होत्या. सभागृहात आलेल्याच बाई. पडद्यावर माझ्या आतड्याचा फोटो. गुलाबी बोगद्यासारखं, आणि एका वळणावर गाठ.

"हा आता नुसता मस राहिलेला नाही," त्या म्हणाल्या. "तुकडा तपासायला पाठवलाय. पण ऑपरेशन लागेल, तयारी ठेवा."

"दीड वर्षाआधी आलो असतो तर?" मी विचारलं.

बायकोनं माझ्या दंडावर हात ठेवला. बाई म्हणाल्या, "नक्की सांगता येत नाही. पण कदाचित दुर्बिणीतूनच काढता आलं असतं."

कदाचित. एवढा एक शब्द घेऊन मी घरी आलो, आणि तो भिंतीसारखा मधे उभा राहिला. माझ्या आणि त्याच्या.

तुकड्याचा रिपोर्ट कॅन्सरचाच आला. पोट उघडलं, आतड्याचा गाठीचा भाग कापून काढला, दोन टोकं शिवली. टपरीवर मी सांगतो की एवढं आतडं काढलं की बेसापासून कोराडीपर्यंत अंथरता येईल. खरं सांगायचं तर वीतभर. गाठ आतड्याच्या भिंतीतच होती, बाहेर कुठं गेलेली नव्हती, असं डॉक्टर म्हणाल्या. अधूनमधून तपासायला यावं लागेल. आजच्या घडीला मी बरा आहे. हे वाक्य लिहिताना मी सवयीविरुद्ध ते लांबवत नाही.

मी दवाखान्यात असताना तो रोज यायचा. बाहेरच्या बाकावर बसायचा. बायको सांगायची, "आले हायेत हो ते. आत बोलवू?" मी डोळे मिटायचो. डोळे मिटून पडलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. तो बाकावर डबा ठेवून जायचा, त्याच्या बायकोनं केलेल्या मऊ खिचडीचा. खिचडी मी खायचो. अन्नावर राग काढायचा नाही, एवढी शिकवण आईनं दिली होती. डबा धुऊन परत जायचा, निरोप मात्र काही जायचा नाही.

माणसानं फसवलं तर त्याला शिव्या देता येतात. माझी अडचण अशी की मला फसवून तो वाचला होता, आणि तो वाचायलाच हवा होता. तो वाचला याचा मला आनंद होता. मला सोडून वाचला याचा नव्हता. एका बॉयलरवर दोन माणसं, एकाला सुस्कारा ऐकू आला. त्यानं आपल्यापुरती नळी बदलून घेतली आणि मला म्हणाला, मशीन ठीक आहे. हे कोणत्या तोंडानं माफ करायचं? बायको म्हणायची, "पोरीचं लग्न होतं हो त्याइच्या." म्हटलं, होतं ना. मीच तर नाचलो त्यात.

पुढच्या हिवाळ्यात मी हळूहळू चालत टपरीवर जायला लागलो. लोकांनी उठून जागा दिली. तो कोपऱ्यात बसायचा. आम्ही दोघं एकाच टपरीवर, एकमेकांशी न बोलता. लोकांना वाटलं जागेचा काही वाद असेल, मधल्या भिंतीचा.

त्याच सुमारास डॉक्टरबाई परत आल्या. या वेळी सभागृहात नाही, सरळ टपरीवर. पाकिटांची पिशवी घेऊन. मागच्या वेळी दिलेल्या डब्यांपैकी फारच थोड्या परत आल्या होत्या, त्यांना कारण समजेना. नाल्याकडं कुणी बघितलं नाही.

मला वाटलं, ही माझी वेळ. मी उभा राहिलो. शर्ट वर करून टाके दाखवले.

"पाहा! दोन वर्षाआधी ही डबी दिली असती तर हे झालं नसतं! पोटातून कोहळ्याएवढी गाठ काढली! डॉक्टर म्हणाले, असं आतडं आम्ही पुस्तकातही नाही पाहिलं! सहा डॉक्टर उभे होते, एक तं चक्कर येऊन पडला!"

रेल्वेवाला हसला. बँकवाला म्हणाला, "हं, अन् गाठ उठून रामराम म्हणाली असंन." सगळे हसले. प्रेमानं हसले, त्यात काही वाईट नव्हतं. टाके खरे होते, पण माझ्या अंगावर खरी वस्तूही खोटी दिसते. डॉक्टरबाईंच्या हातातलं पाकीट तसंच हातात राहिलं. मी अजून जोर लावला. चक्कर आलेल्या डॉक्टरचं पुढं काय झालं ते सांगायला लागलो. जितका जोर लावला तितके ते हसले. माझ्या पोटावरची शिवण मला उभ्या उभ्या ओढत होती. यांच्यातल्या कुणाच्या तरी आत आत्ता याच क्षणी एखादी नळी गळत असेल, आणि हा माणूस माझ्या गोष्टीवर हसून घरी जाईल, हे मला दिसत होतं, आणि मला थांबता येत नव्हतं.

तेव्हा कोपऱ्यातून तो उठला.

"माह्यात रक्त निघालं होतं," तो म्हणाला. "डबीत. मंग दुर्बीण केली. मस होता. काढला. त्याच दिवशी घरी आलो."

बस. एवढंच. हातवारे नाहीत, कोहळा नाही.

हसणं थांबलं. त्याच्या तोंडून कधी कुणी खोटं ऐकलं नव्हतं. मला वगळून. त्याची डबी तर सगळ्यांसमोर नाल्यात गेली होती, पण मागून दुसरी आणली असेल असं लोकांनी धरलं.

पोस्टवाले बाबा म्हणाले, "दुखते का गा?"

"नाही. लाज वाटते. दोन दिवस."

"अन् मंग?"

"मंग नाही वाटत."

बाबांनी हात पुढं केला. डॉक्टरबाईंनी पाकीट दिलं. मग बँकवाल्यानं घेतलं. रेल्वेवाल्यानं आपलं घेतलं आणि विचारलं, "बायकोलेही देता येते का?" बाई म्हणाल्या, येते, दोन न्या. पिशवी हलकी होत गेली.

मी बघत होतो त्याच्याकडं. वाट बघत होतो की आता तो पुढचं सांगेल. त्या दिवशी नाल्यात काय फेकलं होतं ते, चुन्याची डबी. मला काय म्हणाला होता ते. त्यानं वर बघितलं नाही. चहाच्या ग्लासात बघत राहिला. चार वाक्यांत त्यानं आपली सगळी गोष्ट टपरीवर मांडून दाखवली होती आणि त्यातून मलाच वगळलं होतं.

सांगायला मी मोकळा होतो. तोंड उघडलं असतं तर काय गोष्ट झाली असती! पाकिटात चुना, भाषण, डुबुक! लोक पोट धरून हसले असते. आणि हसता-हसता पाकिटं टेबलावर ठेवली असती, कारण ज्या माणसानं एकदा डबीत चुना भरला, त्याच्या मसावर कोण विश्वास ठेवणार?

मी बसलो. गप्प. आयुष्यातली सगळ्यात भारी गोष्ट तोंडात धरून बसलो, खर्र्यासारखी, आणि थुंकायला जागा नाही.

उठताना तो माझ्या स्कूटरपाशी येऊन थांबला. माझी स्कूटर आता बायको चालवू देत नाही, पण त्या दिवशी मी चोरून आणली होती.

"काहून नाही सांगतलं तू?" त्यानं विचारलं. "चुन्याचं."

"तू काहून नाही सांगतलं?"

 त्याचं उत्तर चार शब्दांत मावणारं नसावं.

"मी चालवू का?" तो म्हणाला. "तुह्यानं एवढी गाडी नाही सांभाळणार."

"पैदल ये," मी म्हटलं. "चालणं चांगलं राहते आतड्याले."

मी स्कूटर सुरू केली. आरशात तो दिसत होता, नाल्याच्या काठानं सावकाश येत असलेला. एकदा वाटलं, थांबावं. वेग कमीही केला. मग रेल्वेवाला त्याच्याजवळ पोचला, हातातलं पाकीट दाखवून काहीतरी विचारायला लागला, आणि तो थांबून त्याला समजावायला लागला. हातानं दाखवत होता, चार ठिकाणी टोचायचं म्हणून. मी घरी पोचलो, स्कूटर आत घेतली आणि फाटकाला आतून कडी लावली.